बहिणीचा वाटा आणि वाईचे तर्कतीर्थ

वाटणीचे दावे चालवताना एक वाक्य मी कायम ऐकत आले आहे. "वकीलबाई, मुलींना वाटा हे सरकारचं खूळ. आपल्या शास्त्रात असलं काही नव्हतं." बोलणारे दादा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच आलेले असतात. बहीण शेजारच्या खुर्चीत, गप्प.

कायदा मी सांगतेच. पण शास्त्राचं नाव निघालं की मला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आठवतात. बहुतेकांना ते मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून माहीत आहेत. माझ्या लेखी त्यांचं त्याहून मोठं काम धर्मकोश, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांचा विषयवार संग्रह, हे आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत हे काम चाललं आणि 1937 पासून त्यातलं व्यवहारकांड, म्हणजे कायदा आणि न्यायाचा भाग, छापून येऊ लागलं. एकेक विषय घ्यायचा आणि त्यावरची वचनं काळाच्या क्रमानं लावायची: आधी वेद, मग सूत्रं, स्मृती, शेवटी टीका, म्हणजे स्मृतींवरची भाष्यं, आणि निबंध, म्हणजे वचनांचे संकलनग्रंथ.

ही मांडणीच बोलते. दायभाग, म्हणजे वारसाहक्काचंच पाहा. तैत्तिरीय संहिता स्त्रियांना दायाचा अधिकारच नाकारते. पुढे स्मृतिकार याज्ञवल्क्य, मुलगा नसलेल्या माणसाचे वारस सांगताना, "पत्नी दुहितरश्चैव" अशी सुरुवात करतो. आधी बायको, मग मुली. आईवडील आणि भाऊ त्यांच्यानंतर. मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत विज्ञानेश्वर या विधवेच्या हक्काची बाजू हिरिरीनं लढवतो, अर्थात नवरा वाटणी घेऊन एकत्र कुटुंबातून विभक्त झालेला असेल तरच. भाऊ असलेल्या मुलीला यानं बरोबरीचा वाटा मिळत नव्हता, हे खरंच. पण "शास्त्र" नावाची एकच न हलणारी गोष्ट कधी नव्हती, हे वचनं ओळीनं वाचली की कुणालाही दिसतं.

हे ज्ञान शास्त्रीबुवांनी पोथीत ठेवलं नाही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार हवे होते, ते त्यांनी काढून दिले. 1933 मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची (चक्रवर्ती राजगोपालाचारींची) मुलगी लक्ष्मी यांचं लग्न पुण्यात त्यांनीच लावलं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. असा प्रतिलोम विवाह, म्हणजे वधू वरच्या वर्णाची असलेला, सनातन्यांना सर्वांत जास्त खुपणारा. नंतर क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासात ते आणखी पुढे गेले आणि 'हिंदुधर्माची समीक्षा' मध्ये धर्माच्या प्रामाण्यालाच हात घातला. परंपरा इतकी आतून जाणणाऱ्यानं हे करावं, याचं मोल मला फार वाटतं. बाहेरून टीका करणाऱ्याला "तुम्हाला काय कळतंय" म्हणून गप्प करता येतं. तर्कतीर्थांना तसं म्हणायची कुणाची छाती होती?

27 मे 1994 ला ते गेले. महिन्याच्या आतच, 22 जूनपासून, महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली. देशभर ती व्हायला 2005 उजाडलं.

विश्वकोश आज मोबाइलवरही वाचता येतो. धर्मकोश संस्कृतात, म्हणून तो उघडणारे मोजकेच. त्यातला निदान दायभाग सोप्या मराठीत प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असायला हवा, आणि वकिलांच्या बाररूममध्येही.