तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्टचा डेटाबेस ‘नुसता रिस्टोअर’ का होत नाही

“बॅकअप रोज निघतोच, मग टेस्टवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ताजा डेटा टाकायला दोन दिवस कशाला?” डेव्हलपर मंडळी हे नेहमी विचारतात. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरपुरतं सांगायचं तर रिस्टोअर (बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करणं) काही तासांत होतो. वेळ जातो तो पुढच्या कामात.

शक्यतो रोजचाच फुल बॅकअप वापरावा, म्हणजे तो खरंच उघडतो का हेही कळतं. वेगळा घ्यायचाच असेल तर ‘कॉपी ओन्ली’ (रोजच्या बॅकअपच्या साखळीला धक्का न लावणारा) घ्या. नाहीतर पुढचे डिफरन्शियल (फुल बॅकअपनंतरचे फक्त बदल साठवणारे बॅकअप) त्याच फाइलवर बेततात आणि कुणी ती उडवली की प्रॉडक्शनचा (खऱ्या, चालू डेटाबेसचा) रिस्टोअर अडतो.

फाइल ४० जीबीची दिसली म्हणून तेवढीच जागा लागेल असं नाही. आधी ‘रिस्टोअर फाइललिस्टओन्ली’ ही आज्ञा चालवा, ती आतल्या फाइलींचे खरे आकार दाखवते. प्रॉडक्शनची लॉग फाइल (बदलांची नोंद ठेवणारी) २०० जीबी असेल तर टेस्टवरही तेवढीच तयार होते, आतून रिकामी असली तरी. शिवाय ती शून्यांनी भरली जाते, म्हणून रिस्टोअर बराच वेळ शंभर टक्क्यांशी किंवा शून्याशी थबकल्यासारखा वाटतो. घाबरून तो मारू नका.

टेस्टवरच्या परवानग्यांची स्क्रिप्ट रिस्टोअरच्या आधी काढून ठेवा, कारण जुना डेटाबेस त्यांच्यासकट जातो. प्रॉडक्शनचे यूजर (डेटाबेसमधली खाती) येतात, पण ते ज्याला जोडलेले असतात त्या एसक्यूएल लॉगिनचा (सर्व्हरवरच्या खात्याचा) एसआयडी, म्हणजे आतला ओळख क्रमांक, दोन्हीकडे वेगळा असतो. ‘ऑल्टर यूजर’ या आज्ञेने ते पुन्हा जोडावे लागतात. रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा ते ठरवणारी सेटिंग) लगेच ‘सिंपल’ करा.

खरा वेळखाऊ भाग मास्किंगचा, म्हणजे खऱ्या माहितीच्या जागी बनावट माहिती घालण्याचा. पॅनच्या जागी काहीही अक्षरं कोंबली तर अॅप ते नाकारतं: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’. आधारचा शेवटचा अंक व्हेरहोफ या तपासणी-अंकाच्या पद्धतीने जुळावा लागतो. एका ग्राहकाला सगळ्या टेबलांत एकच बनावट नंबर हवा, नाहीतर जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणाऱ्या क्वेरी) रिकामे येतात. ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड) आधी बंद करा. हे हमखास राहून जातं: तुम्ही नाव बदलता आणि ट्रिगर खरं नाव इमानेइतबारे ऑडिट टेबलात (बदलांची नोंदवही) लिहून ठेवतो. ते टेबलही मास्क करायचं असतंच. मोठी टेबलं ५०,००० ओळींच्या तुकड्यांनी अपडेट केली की लॉग फुगत नाही.

रांगेत थांबलेले एसएमएस, ईमेल, पेमेंट गेटवेच्या किल्ल्या, हे सगळं डेटाबेसबरोबरच येतं. अॅप आणि एसक्यूएल एजंटचे जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सुरू करण्याआधी ते पुसा. नाहीतर टेस्ट सर्व्हर खऱ्या ग्राहकांना हप्त्याची आठवण पाठवतो.

हे सगळं डेव्हलपरना प्रवेश नसलेल्या सर्व्हरवर करावं आणि मास्क झालेल्या प्रतीचा नवा बॅकअप पुढे द्यावा. आधी उघडून मागाहून मास्क करू म्हणाल, तर मधल्या वेळात कुणीतरी एक्सेलमध्ये डेटा काढतोच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मास्क केलेला बॅकअप एकदा तयार झाला, की तोच डेव्ह, टेस्ट, यूएटी (वापरकर्त्यांच्या चाचणीचा सर्व्हर) तिन्हीकडे चालतो. तो मात्र खरोखर काही तासांत मिळेल.