पुस्तकात लिहू द्यावं का?

मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. पालक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही पुस्तकातच लिहायला सांगता. पुस्तक खराब नाही का होत?" म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा घ्या. पृथ्वीवरून मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर, ही ओळ मुलं हायलायटरने रंगवतात आणि पाठही करतात. एका मुलीनं मात्र मुक्तिवेगाच्या सूत्राशेजारी लिहिलं होतं, 'वस्तूचं वस्तुमान कुठे गेलं?' धडा कळायला लागला तो तिथे. गतिज (गतीमुळे असलेल्या) ऊर्जेत वस्तुमान आहे, स्थितिज (स्थानामुळे असलेल्या) ऊर्जेतही आहे. सूत्र काढताना या दोन्ही समान मांडतात, तेव्हा समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं ते कटतं. म्हणजे हवेचा विरोध सोडला तर चेंडू असो की यान, सुटायला वेग तेवढाच लागतो. उत्तर सापडल्यावर तिनं प्रश्न खोडला नाही, खाली लिहिलं, 'दोन्हीकडे होतं, गेलं.' एवढीच नोंद पुरते.

नुसत्या अधोरेखनावर माझा विश्वास नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. त्यात अधोरेखन कमी उपयोगाचं ठरलं, स्वतःला समजावून सांगणं त्याहून बरं, आणि न बघता आठवून पाहणं सर्वांत वरच्या गटात. म्हणून परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, मग उघडून समासात आपल्या शब्दांत चार शब्द लिहायचे. पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही. ध्रुवावर गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर) जास्त का? 'ध्रुव केंद्राला जवळ.' झालं.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत 'माझी नोंद'ची कोरी पानं आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण धड्याअखेरच्या पानावर बरीच मुलं फळ्यावरचंच उतरवायची. २०२५ मध्ये ती पानं बंद करायचं ठरलं. पानांचा हेतू चांगलाच होता. पण शंका ज्या ओळीवर येते त्या ओळीशेजारीच ती लिहायला हवी, धडा संपेपर्यंत ती टिकत नाही.

राहिला पुस्तक खराब होण्याचा प्रश्न. पेन्सिल वापरू द्या, पेन नको. पुस्तक धाकट्या भावंडाला द्यायचं असेल तर वर्षअखेरीस खोडता येतं. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र एक रेघही नको. तिथे चिठ्ठी ठेवावी, वर पान क्रमांक लिहून.