वखारीत राहायला जाणं

घरात पसारा वाढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "घर आहे की वखार?" ऐकणाऱ्याने मुकाट मान खाली घालायची असते. लंडनला थेम्सकाठी मात्र वखारीत राहायला मिळावं म्हणून लोक आयुष्यभराचं कर्ज काढतात.

शॅड थेम्स ही तिथली चिंचोळी गल्ली. दोन्हीकडे विटांच्या उंच वखारी आणि डोक्यावर या इमारतीतून त्या इमारतीत जाणारे लोखंडी पूल. नदीवर उतरलेली पिंपं आणि पोती या पुलांवरून मागच्या वखारींत जायची. इथल्या बटलर्स व्हार्फ या धक्क्याच्या इमारती १८७३ पर्यंत उभ्या राहिल्या. चहा, मसाले, धान्य असा माल इथे रचलेला असे. भिंती जाड आणि खिडक्या बेताच्या, कारण पोत्यांना उजेडाचं काय कौतुक?

मग १९५६ मध्ये अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर, म्हणजे मालाच्या मोठ्या बंद पेट्या, घेऊन निघालं. पोतं पाठीवरून उतरवायची गरजच संपत चालली. त्यात जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी हवं, म्हणून धंदा नदीच्या मुखाकडे सरकला. १९७२ मध्ये बटलर्स व्हार्फला टाळं लागलं.

रिकाम्या वखारीत आधी शिरले ते चित्रकार आणि शिल्पकार. भाडं कमी, छत उंच, ठोकाठोक केली तरी तक्रार करायला शेजारी नाहीत. न्यूयॉर्कच्या सोहो भागातही हेच झालं. तिथे कलाकार बेकायदा राहत होते, त्यांना १९७१ मध्ये परवानगी मिळाली. पुढची गोष्ट सगळीकडे तीच: जागेला नाव मिळतं, भाडं चढतं आणि नाव मिळवून देणारा सामान बांधू लागतो. मला याचा राग येतो, पण वखार पाडली नाही याचा आनंदही होतो. दोन्ही एकदमच.

शॅड थेम्सच्या काही इमारतींची नावंच मसाल्यांची आहेत. एक दालचिनी, एक वेलदोडा. म्हणजे पत्ता सांगताना माणूस म्हणणार, "मी वेलदोड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर."

भिंतींवरच्या, माल वर चढवायच्या जुन्या यारीही काही ठिकाणी ठेवल्या आहेत, छान रंग देऊन. एखाद्याचा नवा सोफा लिफ्टमध्ये मावला नाही, तर तो खिडकीतून त्या यारीकडे बघत असेल का?