दोन बाजूंची चादर आणि कर्नेलचा संशोधन-कोड

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, कारण जकार्डवर विणलेली नक्षी तिच्या मागच्या बाजूला उलट्या रंगसंगतीत उमटते. चादरीतील विणकामाचे दोष छायाचित्रांवरून ओळखायला संगणकाला शिकवण्याच्या माझ्या प्रयत्नात मी याच गुणाचा आधार घेतला आणि प्रत्येक चादरीचा एक फोटो पुढून, तर एक मागून घेतला. फोटो हवे तेवढे मिळतात. परंतु ताणा तुटला आहे, बाणा सुटला आहे की ती नुसती सुरकुती आहे, हे खात्रीने सांगू शकणारा कारागीर यंत्रमाग सोडून किती फोटो तपासणार? लेबले, म्हणजे जाणकाराने तपासून दिलेली उत्तरे, थोडी, बिनलेबलचे नमुने पुष्कळ आणि प्रत्येक नमुन्याची दोन रूपे, अशा स्थितीसाठीच सेमी-सुपरवाइझ्ड (थोड्या लेबलांवर शिकणाऱ्या) मल्टिव्ह्यू (अनेक रूपे एकत्र वापरणाऱ्या) पद्धती आहेत.

ब्लम आणि मिचेल यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या को-ट्रेनिंग या अशाच पद्धतीमध्ये वेबपानावरील शब्द हे एक रूप होते आणि त्या पानाकडे नेणाऱ्या लिंकमधील शब्द हे दुसरे. मिन्ह, बझ्झानी आणि मुरिनो यांच्या २०१६ च्या शोधनिबंधाने हा विचार कर्नेलच्या, म्हणजे दोन नमुन्यांमधील साम्य मोजणाऱ्या फलनाच्या, चौकटीत नेला. तेथे सूत्रात तीन नियंत्रक पदे असतात: एक उत्तर देणाऱ्या फलनाची गुंतागुंत आवरतो, दुसरा एकाच रूपातील जवळच्या नमुन्यांना सारखे उत्तर द्यायला लावतो आणि तिसरा दोन रूपांच्या उत्तरांत एकमत घडवतो.

संशोधकांनी अशा पद्धतीसाठी लिहिलेला कोड वापरताना सर्वाधिक काळजी गणिताची नव्हे, तर ओळींच्या क्रमाची घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कोडला फोटो दिसतच नाहीत. त्याच्या हाती फक्त फोटोंमधील परस्पर साम्याच्या आकड्यांचे चौरस तक्ते, म्हणजे मॅट्रिक्स, येतात. पुढच्या बाजूच्या मॅट्रिक्समधील सातवी ओळ आणि मागच्या बाजूची सातवी ओळ एकाच चादरीची असलीच पाहिजे, पण ती नसली तरी कोड तक्रार करत नाही, निमूटपणे उत्तर देतो. फाइलींची यादी अक्षरक्रमाने लावली की १० क्रमांकाची फाइल २ च्या आधी येते, आणि एका फोल्डरमध्ये ००२ व दुसऱ्यात २ अशी नावे असतील, तर दोन्ही क्रम वेगळे होतात. म्हणून कोणतीही एक चादर निवडून दोन्ही मॅट्रिक्समधील तिचे जवळचे शेजारी शोधावेत आणि ते फोटो पडद्यावर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. मॅट्रिक्स सममित आहे का आणि गाउसियन कर्नेल (अंतर वाढेल तसे साम्य घटवणारा) असल्यास कर्णावर, म्हणजे प्रत्येक फोटोच्या स्वतःशी असलेल्या साम्याच्या जागी, सर्वत्र १ आहे का, हेही त्याच वेळी तपासून होते.

स्वतःचा डेटा देण्यापूर्वी कोडच्या लेखकांनी दिलेले उदाहरण जसेच्या तसे चालवून पाहावे. कोड मॅटलॅब या सशुल्क गणन-सॉफ्टवेअरसाठी असेल आणि त्याचा परवाना नसल्यास ऑक्टेव्ह या मोफत पर्यायावर बरेचसे काम भागते. मात्र विंडोजसाठी कंपाइल केलेल्या मेक्स फाइली (मॅटलॅबमधून चालणारे सी कोडचे तयार भाग) लिनक्सवर चालत नाहीत, त्या मूळ सी कोडवरून पुन्हा तयार कराव्या लागतात. संगणकाच्या मेमरीचा हिशेबही आधीच मांडावा: ५,००० चादरी आणि दोन रूपे धरली, तर पूर्ण मॅट्रिक्स १०,००० × १०,००० होते आणि प्रत्येक संख्येला ८ बाइट लागत असल्याने तेवढ्या एकाच मॅट्रिक्सला ८०० एमबी जागा लागते.

एका चादरीचे अनेक तुकडे करून नमुने वाढवले असतील, तर चाचणीसाठी तुकडे नव्हे, अख्ख्या चादरी बाजूला काढाव्यात. एरवी त्याच कापडाची ओळख आधीच झालेली असते आणि अचूकता फसवी निघते.

एकमताच्या नियंत्रकाविषयी मात्र मी अधिक सावध आहे. ब्लम आणि मिचेल यांच्या मांडणीत प्रत्येक रूप स्वतंत्रपणे निर्णयाला पुरेसे आहे, असे गृहीत धरलेले होते. चादरीच्या फक्त मागच्या बाजूला लोंबणारा धागा या गृहीतकात बसत नाही: पुढचा फोटो निर्दोष दिसतो, मागचा दोष दाखवतो आणि सक्तीचे एकमत योग्य उत्तराला दाबून टाकू शकते. त्यामुळे हा नियंत्रक शून्य ठेवून एकदा आणि वाढवत नेऊन पुन्हा, असे निकाल मी दोषाच्या प्रकारानुसार वेगवेगळे नोंदवतो. एकाच बाजूला दिसणाऱ्या दोषांची ओळख घटू लागली की त्याचे मूल्य तेथेच थांबवतो.