आण्णांच्या फोटोला फूल नाही

आज चौथा दिवस. आईने आण्णांच्या फोटोला फूल वाहिलेलं नाही.

बाकी सगळं रोजच्यासारखं चाललंय. पाचला उठते, आंघोळ, खाली सोसायटीच्या बागेतून जास्वंद आणि तगर, मग देव, मग उदबत्ती. आधी देव आणि मग आण्णा हा क्रम सहा वर्षांत चुकलेला नाही, माझ्याकडे पुण्याला येते तेव्हापण फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवून आणते, काच फुटू नये म्हणून. आणि रविवारपासून फूल नाही. एक तगर ताटलीतच राहते, संध्याकाळी मी ती कुंडीत टाकते. ती काही बोलत नाही, मीपण विचारत नाही.

विचारू कशी, मला माहितीये ना का ते. माझ्या एका वाक्यामुळे.

रिपोर्ट मागच्या मंगळवारी आला, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून उघडला. चेकअप मीच करायला लावलं होतं, शुगर, थायरॉइड करता करता पॅप टेस्ट आणि एचपीव्हीवरपण, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासण्यांवर, टिक केलं, तिला म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे, काही होत नाही. एचएसआयएल लिहिलं होतं, हाय ग्रेड, म्हणजे पेशींतला मोठा बदल. खाली हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह. जिन्यातच खाली बसले. दादाला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी डॉक्टरांनी नीट समजावलं, घाई केली नाही. हा रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नव्हे म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाशी पेशी बदलल्यात, त्या तशाच राहिल्या तर पुढे काही वर्षांनी होऊ शकतो, म्हणून आता कॉल्पोस्कोपी करायची, दुर्बिणीतून बघायचं आणि तुकडा घेऊन तपासायला पाठवायचा, नक्की काय ते तुकडा सांगेल. गरज पडली तर तारेच्या लूपने तेवढाच भाग काढतात. आई म्हणाली, पिशवीच काढून टाका की एकदाची. आमच्याकडे हेच पहिलं सुचतं, मावशीची पस्तिशीत काढली, शेजारच्या काकींची त्याच्याही आधी, कुणी दुसरं काही सांगितलंच नाही त्यांना. डॉक्टर म्हणाल्या, काकू, नखाला लागलं म्हणून हात कापत नाही ना आपण. मग म्हणाल्या बघताना व्हिनेगरसारखं पाणी लावतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते. आई म्हणाली, लोणच्यात घालतात ते? इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग डॉक्टर त्या एचपीव्ही व्हायरसबद्दल बोलल्या, शरीरसंबंधातून येतो, एवढंच, एका वाक्यात, आणि पुढे गेल्या. आई टेबलावरच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत होती.

रिक्षात गप्प. घरी आल्यावर मी कुकर लावत होते तर मागून म्हणाली, "ते व्हायरसचं, कुणाकडून येतं म्हणाल्या गं त्या?"

मी वळलेपण नाही. म्हणाले, "अगं कुणाकडूनही येतो, लई कॉमन असतो तो."

"कुणाकडूनही म्हंजे? मला कोण दुसरं होतं गं?"

मी वळले तोवर ती बाहेर जाऊन वाळलेले कपडे काढत होती.

चार दिवस झाले, हेच डोक्यात फिरतंय. कुणाकडूनही. जिचं अठराव्या वर्षी लग्न झालं आणि जिला दुसऱ्या पुरुषाने कधी पाण्याचा ग्लास मागितला तरी पदर सावरते तिला मी सांगतेय कुणाकडूनही. आणि तिने त्याचा जो एकच अर्थ निघू शकतो तो काढला, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल, जो आता काही बोलू शकत नाही. मी नाही म्हणायला हवं होतं, सरळ नाही, आण्णांचा काही संबंध नाही. पण ते खोटं झालं असतं. आणि खरं काय ते तरी कुठे माहितीये.

त्याहून वाईट म्हणजे मीपण हिशोब करायला लागले. आण्णा एसटीत ड्रायव्हर, महिन्यातल्या कितीतरी रात्री मुक्कामी गाडी. लहानपणी मला मुक्कामी म्हणजे मजा वाटायची, सकाळी येताना तिकडचे पेरू आणायचे, बोरं आणायचे. आता रात्री अडीचला मी पडल्या पडल्या ती गावं आठवतेय, कुठल्या गावाला किती वर्षं ड्युटी होती, त्या कंडक्टर काकांबद्दल लोक काय बोलायचे. माझ्या वडिलांबद्दल मी हा विचार करतेय. त्यांच्या फोटोकडे मला बघवत नाही, म्हणजे फूल फक्त आईने बंद केलंय असंपण नाही.

किती वाचलं मी या चार रात्रींत. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना हा कधी ना कधी होऊन जातो, बायकांना, पुरुषांना, बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो आणि त्यांना कळतपण नाही. काहींचा राहतो. वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, एकदाच्या चुकीचा असू शकतो, चूक म्हणावी की नाही असल्या कशाचाही. म्हणजे आण्णा सुटतही नाहीत आणि सापडतही नाहीत. हे मी आईला कुठल्या भाषेत सांगू? मराठीत या गोष्टींना एकतर शिव्या आहेत नाहीतर पुस्तकी शब्द, कुकरसमोर उभं राहून आईला सांगता येईल असा शब्दच मला सापडत नाहीये.

खूप एकटं वाटलं परवा. सगळं माझ्यावर, अपॉइंटमेंट मी, पैसे मी, खोटं हसणं मी, आणि वर तिच्या संसारात विष कालवलं तेपण मीच. नेलंच नसतं तर, असंपण येऊन गेलं मनात. ते वाक्य पूर्ण करायचं नाही मला.

अजून एक राहिलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी कधी तपासणी केली होती का, तर आई म्हणाली, आमच्या गावात त्या बार्शीच्या बाया आल्या होत्या, माझं नाव लिहून नेलं होतं, पण मी नाही गेले. मला काहीच माहिती नव्हतं हे. रात्री शोधलं तर सापडलं, मोठा अभ्यास होता तो. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली एक संस्था, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही टेस्ट, काहींत पॅप, काहींत ते व्हिनेगरचं, आणि काहींत नेहमीचं जे होतं तेवढंच. २००९ मध्ये निकाल छापून आला, एकदाच, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळजवळ निम्म्या झाल्या होत्या. सगळ्या जगाने ते वाचलं. आमच्या ज्वारीच्या, तुरीच्या गावांतल्या बायकांवरून जगाला कळलं आणि माझी आई घरी बसली होती.

मी आज विचारलं, का नाही गेलीस. मेथी निवडत होती. म्हणाली, "तुझी आजी म्हणाली चांगल्या बाईला कशाला दाखवायचं. आणि हे मुक्कामी होते, विचारायचं कुणाला?" मुक्कामी शब्द तिच्या तोंडून आला आणि आम्ही दोघी थांबलो. मला वाटलं आता विषय निघणार. तिने काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "गाडीतच झोपायचे गं ते. मागच्या लांब बाकड्यावर. डास इतके की सकाळी यायचे तेव्हा पाय नुसते फोडून काढलेले असायचे, मी खोबरेल लावायचे." मग परत मेथी.

मला सांगत होती की स्वतःला, मला नाही कळलं. आणि पहिल्यांदाच असं वाटलं की हे मला कळायलाच पाहिजे असं कुठे आहे. तेहेतीस वर्षं ती त्या माणसाबरोबर राहिली, जे काय विचारायचं ते ती त्याला तिच्या पद्धतीने विचारतेय, फूल न देऊन. मी मधे पडून ती तगर फोटोला वाहिली असती तर तो माझा आगाऊपणा झाला असता. दोनदा हात गेला होता माझा ताटलीकडे, बरं झालं नाही वाहिली.

माझीपण टेस्ट घ्यायचीये, नंबर लावलाय पुढच्या शुक्रवारचा. छोटीच्या एचपीव्हीच्या लसीचंही विचारायचंय, नऊ वर्षांपासून देतात.

उद्या साडेदहाला कॉल्पोस्कोपी. साडी नेसू की पंजाबी घालू हे तीनदा विचारून झालं, साडीच सोपी पडेल म्हणाले. शनिवारी दिलेला संमतीचा फॉर्म भरायचा राहिला होता, जेवण झाल्यावर मी पेन घेऊन बसले, ती म्हणाली दे इकडे, मी लिहिते. चष्मा लावला. आई नाव एकेक अक्षर करून लिहिते, वरची रेघ शेवटी ओढते. पहिलं तिचं नाव लिहिलं. मग पेन टेकवून थोडा वेळ तशीच बसली. मी टीव्हीकडे बघत होते, आवाज बंद होता. मग तिने आण्णांचं नाव लिहिलं, पूर्ण, काना-मात्रा नीट, मग आडनाव, आणि तिन्हींवरून एकच रेघ ओढली आणि विचारलं, "तारीख आजची घालू की उद्याची?"