सॉरी तेवढं काढलं
आज ऑनलाइन कोर्सच्या डिस्कशनमधलं माझंच लिखाण परत वाचलं आणि हसूच आलं, दर दुसऱ्या वाक्यात 'मला वाटतं', 'चुकत असेन तर सांगा', एकदा तर प्रश्न विचारल्याबद्दल सॉरी पण म्हटलंय! बरेचसे पुरुष मात्र 'हे असंच असतं' म्हणून मोकळे, त्यातलं एक उत्तर तर चक्क चुकीचं. (सगळेच तसे नाहीत हो, एकजण माझ्याहून जास्त सॉरी म्हणतो.) बायकांच्या या 'कदाचित'बद्दल भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफनी १९७५ मध्येच लिहिलंय, पुढे संशोधक सुझन हेरिंगना ऑनलाइन चर्चांतही असंच काहीसं दिसलं. पण गंमत म्हणजे 'मुद्दा आवडला, अजून सांग ना' असं कुणी लिहिलं की गप्पा पुढे सरकतात, ठाम मेसेज आला की सगळे चिडीचूप. म्हणून 'मला वाटतं' ठेवलंय, सॉरी तेवढं काढलं.