मोकळ्या समाजासोबत दिवेघाट

आषाढी वारीत हडपसरच्या गाडीतळावर दोन पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवड रस्त्याला लागते. आम्ही माउलींसोबत होतो. ज्येष्ठ वद्य एकादशी होती आणि गाडीतळापासून पुढे जागोजागी टेम्पो उभे होते. त्यांत बिस्किटांचे पुडे, वडापाव, पोहे, शिरा. समोरून चालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यात माळ. ते हात जोडून म्हणत होते, "माउली, आज एकादस हाय." तरी पुडा पिशवीत कोंबला जात होता, आणि प्रसाद म्हणून आलेलं परत करायचं नाही म्हणून म्हातारी माणसं तो गुपचूप ठेवून घेत होती. वडापाव दुपारपर्यंत पिशवीत आंबणार आणि बारशीला टाकावा लागणार. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण ज्याच्या पायावर डोकं ठेवतो, त्याचं आज व्रत आहे एवढं तरी आपल्याला ठाऊक असायला हवं. मला त्याचा फार त्रास झाला, म्हणून हे लिहिते आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. नवमीला पालखी पुण्यात, दशमीला पुण्यातच मुक्काम, एकादशीला दिवेघाट चढून सासवड आणि द्वादशीला सासवडलाच दुसरा मुक्काम. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की दिवस पुढेमागे सरकतो, म्हणून शिधा भरण्याआधी पंचांग उघडायचं. म्हणजे पुणे–सासवड हा तीस किलोमीटरच्या वरचा, सगळ्या वाटेतला सर्वांत लांब टप्पा आणि वर घाटाचा चढ, हे सगळं बहुतेक वर्षी उपाशी पोटी चाललं जातं. मदतीची खरी गरज याच दिवशी असते.

आणि गरज कोणाला असते? दिंडीतल्या वारकऱ्याची सोय लागलेली असते. त्याने भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेली असते, त्याचं सामान ट्रकमध्ये असतं, राहुटी पुढे जाऊन ठोकलेली असते, आचारी मुक्कामाच्या आधी पोहोचून चूल पेटवतात. रथाच्या पुढे २७ दिंड्या आणि मागे कितीतरी, प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली. पण या रांगांच्या बाजूने, पुढे-मागे जे चालतात त्यांना मोकळा समाज म्हणतात. कोणाला भिशी परवडत नाही, कोणी ऐन वेळी शेतातून उठून निघालेलं असतं, कोणाचं घरी कोणी उरलेलं नसतं. यांना राहुटी नाही आणि पंगत नाही. रात्री शाळेचा व्हरांडा, देवळाची ओसरी, पेट्रोल पंपाचं छप्पर, नाहीतर ट्रकच्या खालची कोरडी जागा. अन्नदान करायचं तर यांच्यासाठी. रथाजवळ टेबल मांडलं की सगळं आधीच जेवलेल्या दिंडीकऱ्यांना जातं. मोकळा समाज पहाटेच निघून रथाच्या बराच पुढे असतो किंवा दमून खूप मागे राहिलेला असतो. रथ यायच्या दोन तास आधी आणि तो गेल्यावर दोन तास, ही त्यांची वेळ.

वडकी नाल्याला दुपारचा विसावा होतो. तिथल्या एका घरची खिचडी त्या दिवसातली सर्वांत नीट गोष्ट होती, म्हणून प्रमाणासकट सांगते. शंभर माणसांना नऊ किलो साबुदाणा, चार किलो दाण्याचं कूट, पाच किलो बटाटे, दीड किलो तूप, हिरव्या मिरच्या तिखट बेताने. साबुदाणा रात्री धुऊन, दाणे जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात ठेवायचा. पाणी जास्त झालं की सकाळी लगदा होतो. कूट आणि मीठ कढईत पडायच्या आधीच साबुदाण्याला चोळून घ्यायचं म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. मुख्य चूक होते ती एकाच मोठ्या पातेल्यात नऊच्या नऊ किलो ढवळण्याची. खालचा थर लागतो, वरचा कच्चा राहतो, वाफ कोंडून मधे गोळा होतो. त्या घरातल्या बायका पसरट कढईत दोन-अडीच किलोचे घाणे काढत होत्या, झाकण फार वेळ न ठेवता, आणि घाणा संपला की दुसरा. त्यामुळे शेवटच्या माणसालाही मोकळी आणि गरम खिचडी मिळत होती.

भगर करणार असाल तर जास्त जपा. पावसाळी दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि तिच्यामुळे उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं सुरू होतं. सुटी, कधीची माहीत नसलेली भगर घ्यायची नाही. दळून ठेवलेलं पीठ तर नाहीच. निवडून, धुऊन त्याच दिवशी शिजवायची आणि दोन-तीन तासांत संपवायची. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू द्यावेत. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

पाण्याच्या बाटल्यांबद्दल माझं मत ठाम आहे: नको. रिकाम्या बाटल्या घाटात पायाखाली येतात, ओल्या रस्त्यावर त्यावरून माणूस घसरतो. तोटी बसवलेले पिंप कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. वारकऱ्याकडे स्वतःचा पेला किंवा तांब्या असतो. पिंप वळणावर किंवा ऐन चढावर ठेवलं तर थांबणाऱ्यांमुळे मागची रांग तुंबते, म्हणून सपाट जागा बघायची आणि दिंडीची रांग तोडून पलीकडे जाऊन वाढायचं नाही. दिंडी चालू असताना ती मधून ओलांडणं फार वाईट दिसतं. काही द्यायचंच असेल तर कडेने तिच्यासोबत चालत द्यावं.

साखर-मिठाचं पाणी करायचं असेल तर लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. वीस लिटरच्या पिंपाला अर्धा किलो साखर आणि साधारण ६० ग्रॅम मीठ, तेही वजन करून. मुठीने मीठ टाकणारे उत्साही लोक पाणी खारट करतात आणि जास्त मीठ पोटात गेलं तर तहान आणि उलटी वाढते. लिंबू चवीपुरतं.

घाटाच्या चढावर आणखी एक गोष्ट घडते आणि ती ओळखता यायला हवी. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, वर एकादशी, त्यात चढ. माणूस घामाघूम होतो, हात कापतात, बोलणं असंबद्ध होतं. आसपासचे म्हणतात, अंगात आलं, नाहीतर ऊन लागलं. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, बसवायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आणि सावरल्यावर केळं, राजगिरा, असं काही पोटात घालायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका. उपवास मोडेल म्हणून साखर नाकारणाऱ्याला दुसऱ्या माळकऱ्यानेच सांगायला लावावं. त्याचं ऐकतात, आपलं ऐकत नाहीत.

पाय चेपायची सेवाही मनापासून होते, पण तिच्यातही जाणतेपण लागतं. फोड आला असेल तर तो फोडायचा नाही, स्वच्छ कापडाची पट्टी सैलसर बांधायची. गरम पाण्यात पाय सोडायच्या आधी आपलं कोपर बुडवून बघायचं, कारण जुन्या मधुमेहात तळव्याला चटका कळत नाही आणि माणूस हसत हसत पाय भाजून घेतो. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की चिखल्या होतात, म्हणून तेल लावण्याआधी पाय कोरडा करणं महत्त्वाचं. आणि चप्पल! घाटाच्या पायथ्याशी दाभण, मेणाचा दोरा आणि चुका घेऊन एक चांभारदादा बसले होते. चपलेचा तुटलेला अंगठा शिवून द्यायचे, पैसे नाहीत. मी पाहिलेल्या सगळ्या दानांत हे मला सर्वांत मोलाचं वाटलं. नवी चप्पल दिली तर ती चावते. शिवलेली जुनीच पंढरपूरपर्यंत नेते.

वस्तू देणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. मोकळ्या समाजातला माणूस सगळं डोक्यावर नाहीतर खांद्यावर वाहतो. स्टीलचे डबे, जाड चादरी, फोटोंच्या चौकटी त्याला ओझं होतात. पातळ रेनकोट पहिल्या पावसात काखेत फाटतो. दीड बाय दोन मीटरचा जाड प्लास्टिकचा कागद द्या. दिवसा तो पांघरता येतो, रात्री ओल्या जमिनीवर अंथरता येतो आणि घडी करून पिशवीत बसतो.

सासवडला रात्री उशिरा पोहोचलो. दुसऱ्या दिवशी बारस सोडायची असते, तीही सकाळी वेळेत, आणि नेमकं तेव्हा वाढणारे कमी असतात कारण सगळ्यांचा उत्साह आदल्या दिवशी घाटात संपलेला असतो. द्वादशीच्या सकाळी साधा वरणभात, कांदा-लसूण न घालता, सोपानकाकांच्या देवळाच्या वाटेवर वाढला तर कोणीही हात जोडून नाही म्हणणार नाही.

जेजुरीला भंडारा उधळला, वाल्हे झालं, नीरेत पादुकांना स्नान झालं आणि लोणंद आलं. या पट्ट्यात गावागावांतून भाकऱ्या येतात. ज्वारीच्या भाकऱ्या गरम असताना एकावर एक रचून फडक्यात बांधल्या की घाम सुटून चिवट होतात. आधी पसरून निवू द्याव्यात, मग पाटीत रचाव्यात. पिठलं घट्टच हवं म्हणजे हातावरच्या भाकरीवर बसतं.

आता ज्या दानासाठी मी मुळात या वाटेवर जाते त्याबद्दल. मुक्कामाला समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार जमतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही शिस्त. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात आणि चोपदार आधी तिकडे जातो, तिचं ऐकतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ज्याचं गाऱ्हाणं आहे त्याला वाजत राहायची मुभा आणि मोठ्यांनी ते ऐकायचंच, याहून चांगली धर्माची सोय मला माहीत नाही. मोकळ्या समाजाला मात्र त्या गोलात स्वतःचे टाळ नसतात.

म्हणून त्यांना रांगेत घेणं हेच देणं. हे कसं करतात ते बघून शिकण्यासारखं आहे. संध्याकाळी हरिपाठाला दिंडीतला जाणता माणूस बाहेर एकटी बसलेली बाई किंवा बाप्या हेरतो. उपदेश नाही, चौकशी नाही. "या माउली, हितं बसा," एवढंच. मग हातात टाळांचा जोड. सत्तावीस अभंग पाठ नसले तरी चालतं, कारण ध्रुपद प्रत्येक चरणानंतर सगळ्यांनी म्हणायचं असतं आणि तिसऱ्या खेपेला ते कोणालाही येतं. टाळ चुकला तर शेजारचा स्वतःचा टाळ जरा ठळक वाजवतो, तोंडाने बोलत नाही. नवख्याला पखवाजाजवळ बसवायचं नाही, आवाजाने गोंधळतो. रांगेच्या मधे, दोन पक्क्या टाळकऱ्यांच्या मधे बसवायचं. घरातलं माणूस नुकतंच गेलेल्यांना पहाटेच्या काकड्याला बोलवावं, कारण तीच वेळ झोप न लागणाऱ्यांची असते, आणि त्यात आंधळे, पांगळे, मुके, बहिरे यांची रूपकं येतात. आपलं दुःख कोणीतरी आधीच गाऊन ठेवलं आहे हे तिथे आपोआप कळतं. गाडगे महाराजांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न पहिलं आहे आणि दुःखी-निराशांना हिंमत शेवटची. वाटेवर पहिल्याला शेकडो हात लागतात, शेवटच्याला फार थोडे.

माळ घालण्याबद्दल मात्र घाई नको. दारू सोडायची म्हणून अनेकजण वाटेवरच माळ मागतात. माळ म्हणजे तुळशीचे १०८ मणी. ज्ञानेश्वरीवर ठेवून एखादा ज्येष्ठ माळकरी ती गळ्यात घालतो. मांस-दारू वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ आणि वारी हे नियम. तुटली तर ओवून घातल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. जो रोज भरपूर पितो त्याने भरल्या गळ्याने त्या क्षणी सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरकाप, भास, फिटसुद्धा येऊ शकते, आणि ते कुठल्यातरी माळरानावर. अशाला आधी वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे न्यावं, औषध सुरू करावं, घरी परतल्यावर जवळचा माळकरी जोडून द्यावा आणि कार्तिकीला आळंदीत माळ घालावी. "थांब, मी येतो तुझ्यासंगं डाक्टरकडं," असं म्हणणारे विणेकरी मी पाहिले आहेत. मला ते मोठ्या कीर्तनकारांइतकेच मोठे वाटतात.

फलटण, नातेपुते, माळशिरस, रिंगणं, वाखरी. गर्दीविषयी सगळेच लिहितात.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग आषाढीला अनेक तासांची असते. म्हाताऱ्या माणसाला त्यात उभं करू नका. नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन यावर वारी पूर्ण होते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांना खरी मदत लागते ती परतीला. यात्रेसाठी एसटीची तात्पुरती स्थानकं गावाबाहेर, वेगवेगळ्या विभागांची वेगवेगळ्या दिशांना असतात. चुकीच्या स्थानकावर गेलेला माणूस सामानासह उलटा चालत येतो. त्याला त्याच्या जिल्ह्याच्या स्थानकापर्यंत सोडा. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना २०२३ पासून अर्धं. पण वयाची सवलत आधार कार्डासारखं ओळखपत्र दाखवल्यावर मिळते आणि ते बहुतेकांनी भिजेल म्हणून घरी ठेवलेलं असतं. आळंदीतच विचारून घ्या, आणि असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या कनवटीला बांधून द्या.